सात नंबरच्या पोर्टाची कैफियत

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत उसण भरली, त्यामुळे नमस्कार निम्म्यातूनच वर आला. राहिलेला निम्मा तुम्ही भेटाल तेव्हा पुरा करीन. मामींना मात्र अख्खा पोचवावा, त्यांच्याकडे बाकी ठेवायची माझी छाती नाही.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते नीट पाहून ठेवा. डॉक्टर हमखास तेच विचारतात आणि आपण हमखास गोंधळतो. कान कसे आहेत हे विचारत नाही. त्याबद्दल या पत्रात पुढे येईलच.

तुम्ही पाठवलेलं पार्सल पोचलं. आत मामींनी विणलेला स्वेटर असावा आणि तो माझ्यासाठी असावा, असं वरून दाबून पाहिल्यावर वाटतं. 'असावा' म्हणतो, कारण पार्सल अजून उघडलेलं नाही. त्यावर तुमची गाठ आहे. टेलिफोन खात्यात वायरींच्या जुड्या मेणदोऱ्याने बांधायची ती गाठ आपल्या नात्यागोत्यात सगळे ओळखतात. माझ्या शाळेच्या दप्तरावर होती, तुमच्या धाकटीच्या पाळण्यावर होती, तुमच्या गच्चीतल्या कपड्यांच्या दोरीवर अजून आहे. ती एकदा बसली की बसली. आणि दोरा कापायचा नाही, हा तुमचा दंडक. बायकोने केसांची पिन लावून पाहिली, मी दात लावून पाहिला (दाताच्या डॉक्टरांनी पुन्हा तसं करू नका म्हणून सांगितलंय). सध्या पार्सल जेवणाच्या टेबलावर आहे आणि आम्ही त्याच्या बाजूने जेवतो.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला एक काम सोपवलंत. म्हणालात, "जावयाचं नक्की कुठे चुकतं ते शोधून काढ आणि मला कळव. माझ्यासमोर तर तो मूग गिळून बसतो." मी हो म्हणालो. (खरं तर मी 'हो, पण' म्हणालो होतो. पण 'पण' तोंडातून निघायच्या आत विषय तुमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर गेला होता.) हाती घेतलेल्या कामाची तड लावायची, हा गुण मला आजोळकडूनच आलेला आहे. तेव्हा शोधलं, आणि जे सापडलं ते सविस्तर कळवतो. फोनवर एवढं सगळं सांगताना आवाज कापला जातो, म्हणून पत्र.

तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. धाकटीच्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या जावईबापूंना, मी आमच्या छापखान्यात चिकटवलं त्याला आता वर्ष होत आलं. त्यांचं काम प्लेट खोलीत. संगणकावर तयार झालेलं पान वायरीतून त्या खोलीतल्या यंत्राकडे येतं, यंत्र ते धातूच्या पातळ पत्र्यावर उमटवतं, आणि तो पत्रा, म्हणजे प्लेट, छपाईच्या यंत्रावर चढतो. पान येता येता मध्येच अडकलं, तर यंत्रही मध्येच थांबतं आणि अर्धी उमटलेली प्लेट भंगारात जाते. जावईबापू आल्यापासून प्लेटा भंगारात जायला लागल्या. नुसत्या मजकुराच्या पानांना काही होत नसे. चित्रांनी भरलेल्या रंगीत पानांचा मात्र घात ठरलेला. मालकांनी सरळ विचार केला, की यंत्र तेच, वायर तीच, खोली तीच, मग बदललं काय? माणूस. आता आमच्याकडे शाळांसाठी नकाशांचं एक मोठं पुस्तक छपाईला आलं आहे. पान न् पान रंगाने माखलेलं. मालकांनी सांगून टाकलं, की या पुस्तकाच्या प्लेटा वाया गेल्या तर जावईबापूंनी कागदाच्या गोदामात जायचं आणि प्लेट खोलीत दुसरा माणूस येणार. गोदाम म्हणजे काय, तर तिथून पुढची पायरी रस्त्यावरच उतरते. धाकटीला हे कळल्यापासून तिचं जेवणावर लक्ष नाही. रविवारी तुमचा फोन वाजला की ती न्हाणीघरात जाते आणि नळ सोडून बसते, म्हणजे ऐकू आलं नाही असं सांगता येतं. हे तुम्हाला माहीत नसावं.

माझ्याआधी मालकांनी नेटवर्कवाल्याला बोलावलं होतं. तो आला, मांडीवर संगणक घेऊन बसला, इथून प्लेट खोलीला एक चिमुकला निरोप पाठवला, निरोप परत आला, आणि लाइन ठणठणीत आहे असं जाहीर करून त्याने चहा मागवला. (तक्रार पाहायला माणूस गेला की फोन चालूच सापडायचा, असं तुम्ही नोकरीतल्या गोष्टी सांगताना म्हणायचात, तेच इथे.) निघताना मनाचं समाधान म्हणून त्याने सांगितलं की सात नंबरची वायर बदलून टाकू, प्लेट खोलीकडे तीच जाते. कपाट उघडून त्याने कात्री काढली. आणि इथे, मामा, वर्षभरात 'हो' आणि 'पाठवा' याखेरीज तिसरा शब्द न काढलेले जावईबापू कपाटासमोर आडवे उभे राहिले. म्हणाले, "ही जुडी कापायची नाही." का, ते सांगितलं नाही. मालकांनी विचारलं, मी विचारलं, ते नुसते उभे. नेटवर्कवाला कात्री खिशात घालून गेला. ज्याला वायर बदललेली नको, त्याच्या मनात काही तरी आहे, असं मालकांनी ताडलं. खोटं कशाला बोलू, मीही तसंच ताडलं.

त्या दिवशी मी हट्टाला पेटलो. जिन्याखालच्या कपाटात एक चपटा काळा डबा आहे, त्याला स्विच म्हणतात. छापखान्यातल्या एकूण एक संगणकाची, यंत्राची वायर त्या डब्यात येते, प्रत्येकीला आपापलं भोक, त्याला पोर्ट म्हणायचं आणि त्याला नंबर. कोणी काही पाठवलं की त्याची छोटी छोटी पुडकी होतात आणि कुठलं पुडकं कोणाला द्यायचं ते हा डबा बघतो. आपल्याकडे पोस्टमन करतो तेच, फक्त कुत्रा मागे लागत नाही. आता खुबी अशी, की डबा काम करता करता मोजतही असतो. कुठल्या पोर्टातून किती पुडकी आली, किती गेली, किती सगळ्यांना उद्देशून होती, किती फाटकी निघाली, किती आपटली, सगळ्याचे आकडे तो एका पानावर दाखवतो. हे आकडे आमच्या छापखान्यात कोणी वाचून पाहिलेलेच नव्हते. मी ते पान उघडलं आणि डब्यासोबत आलेली माहितीपुस्तिका घरी आणून जेवताना तुमच्या पार्सलला टेकवून वाचायला लागलो. पुस्तिकेची भाषा अशी, की एक वाक्य संपेपर्यंत आमटी निवते. पण सोडली नाही. बायको म्हणाली, लग्नाच्या वर्षात माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतंत.

पहिला संशय मी हिशेब खोलीतल्या प्रिंटरवर घेतला. सगळ्यांना उद्देशून जाणाऱ्या पुडक्यांच्या रकान्यात त्याचा आकडा बरा होता. चौकशी केल्यावर कळलं, की तो अधूनमधून सबंध छापखान्याला 'मी इथे आहे' असं सांगत असतो. कामधाम नसताना आपण असल्याची दवंडी पिटणारा हा प्राणीच सगळी वाट अडवतो, अशी माझी खात्री पटली आणि मी जाऊन त्याची वायर उपसली. हिशेबाच्या बाईंचं तेव्हाच पगारपत्रक निघत होतं. त्यांनी मला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि नंतर पाहतो तर अशी दवंडी सगळीच यंत्रं पिटतात, अगदी मालकांच्या टेबलावरचंही. वायर परत बसवली आणि पुढच्या रकान्याकडे वळलो.

तिथे सात नंबर सापडला. फाटक्या पुडक्यांच्या रकान्यात बाकी सगळ्यांसमोर शून्य, आणि सातासमोर एक लांबलचक आकडा. फाटकं पुडकं ओळखायची युक्ती छान आहे. प्रत्येक पुडक्याच्या शेपटीला एक बेरीज बांधलेली असते. पोचल्यावर डबा स्वतः ती बेरीज पुन्हा करतो, जुळली नाही की पुडकं टोपलीत आणि आकडा एकाने पुढे. सात नंबर म्हणजे प्लेट खोली, म्हणजे जावईबापू. आता आमच्या छापखान्याचा जुना नियम तुम्हाला सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यातून झाला. वाया गेलेला कागद ज्याच्या टेबलावर सापडेल, तो त्याच्या नावावर. मागच्याने वाकडा कापला का, पुढच्याने ओढला का, असल्या वादात आम्ही पडत नाही. आणि हा नियम पाळायला नेमलेला माणूस मी, गेली कित्येक वर्षं. तेव्हा मी सवयीने तोच लावला. पान छापून घेतलं, आकड्याखाली लाल रेघ मारली आणि मालकांच्या पुढ्यात ठेवलं. मालक म्हणाले, मग नकाशांची वाट तरी कशाला बघायची, सोमवारपासून गोदाम. मी फार मोठा शोध लावल्यासारखा बाहेर आलो तर दारात जावईबापू. त्यांनी आतलं सगळं ऐकलेलं होतं. मला म्हणाले, "दादा, चहा घेतलात का?" मामा, त्या क्षणी मला जे वाटलं ते आत्ताच्या या कंबरदुखीपेक्षा वाईट होतं.

पण मी केलं ते बरोबर, अशी स्वतःची समजूत घालत मी छपाईच्या यंत्रापाशी जाऊन उभा राहिलो. मशीनमन पाळी संपवत होता. यंत्रावर किती कागद छापले ते दाखवणारा आकडा असतो. त्याने तो पाहिला, सकाळचा आकडा आठवून त्यातून वजा केला आणि आजचं काम एवढं झालं म्हणून सांगितलं. तो आकडा त्याचं लग्न व्हायच्या आधीपासून चालू आहे, कोणी त्याला शून्यावर आणत नाही, आणि यंत्राने आज एवढे लाख छापले असं कोणी वेडाही म्हणणार नाही. मी तिथेच कपाळावर हात मारला. डब्याचा आकडाही तसाच होता. डबा शेवटचा चालू केला तेव्हापासूनची सगळी फाटाफूट त्यात साठलेली, आणि मी ती एका दमात जावईबापूंच्या माथी मारून आलो होतो. वजाबाकी ज्याच्या हाताखालून रोज जाते, त्याच माणसाला नेमकी वजाबाकी सुचली नव्हती.

मग मात्र मी बसून काम केलं. डब्याच्या पानावर 'शून्य करा' असं एक बटण आहे. मशीनमनला सांगितलं तर त्याने कानाला हात लावले, आमच्याकडे आकडा शून्य करणं म्हणजे मागचं पुसून पळून जाणं. मी ते दाबलं. मजकुराचं एक साधं पान प्लेट खोलीला पाठवलं. आकडा शून्यच. मग नकाशातलं एक डोंगराळ पान पाठवलं, तर आकडा उड्या मारायला लागला आणि तिकडे प्लेट निम्म्यावर थांबली. म्हणजे दोष खरा होता, पण गर्दी झाली की उठणारा. नेटवर्कवाल्याच्या चिमुकल्या निरोपाला तो कसा दिसावा? तरीही माझं समाधान होईना. हे सगळं सांगत होता तो डबा, आणि भांडण डबा आणि प्लेट खोली यांचं. फिर्याद करणाराच निकालाचं टिपण लिहायला बसला तर ते वाचायचं कसं? दुसऱ्याचीही बाजू ऐकायला हवी होती, आणि हा विचार वर्षभरात कोणालाच सुचला नव्हता. मी प्लेट खोलीत गेलो आणि जावईबापूंना म्हणालो, तुमच्या संगणकाचे आकडे दाखवा. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि पान उघडलं.

तिथे फाटकं पुडकं एकही नव्हतं. पण दुसऱ्याच एका रकान्यात आकड्यांचा ढीग होता, आणि त्या रकान्याचं नाव 'उशिराच्या टकरी'. पुस्तिकेत पाहिलं, आणि वाचता वाचता हसावं की रडावं ते मला कळेना. वायरीवर बोलायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत अशी, की आधी कानोसा घ्यायचा, शांत असेल तरच बोलायचं, आणि बोलताना समोरून आवाज आला तर वाक्य तिथल्या तिथे तोडून गप्प बसायचं, मग थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून. नव्या रीतीत दोघांनी एकाच वेळी बोललं तरी चालतं, थांबायचं कारणच नाही. दोन्ही टोकांची रीत एकच असली की झालं. इथे डबा नव्या रीतीने बोलत होता आणि प्लेट खोली जुन्या. पान घेता घेता प्लेट खोलीलाही 'मिळालं, पुढचं द्या' असं सांगावं लागतं; ती बिचारी शांतता पाहून बोलायला लागायची, वाक्य बरंच पुढे गेलेलं असायचं, की डबा आपलं सुरू करायचा. ती वाक्य तोडायची आणि आपल्या पानावर लिहायची, उशिराची टक्कर. आणि डब्याच्या हाती पडायचं ते तुटलेलं वाक्य, त्याची बेरीज कशी जुळणार? तो लिहायचा, प्लेट खोलीकडून फाटका माल आला. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. डब्याला कोणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हा इसम एक वाक्य धड पुरं करत नाही.

(इथे थोडं पाणी प्यावं. मीही प्यायलो.)

आता प्रश्न असा उरला, की रीती दोन झाल्या कशा. पुन्हा पान काढलं. प्रत्येक पोर्टाच्या पुढे रीत कशी ठरली ते लिहिलेलं असतं. सगळ्यांपुढे 'आपोआप'. सातापुढे 'हाताने'. नेटवर्कवाल्याला फोन केला, तर तो लगेच म्हणाला, अहो मग तेच की. दोन्ही टोकं आपोआपवर असली की ती एकमेकांना विचारून ठरवतात. एका टोकाला कोणी हाताने ठरवून टाकलं की ते टोक बोलणी बंद करतं, दुसरं विचारत राहतं, उत्तर येत नाही, आणि शेवटी ते निमूट जुनी रीत धरतं. मी विचारलं, मग तुम्ही आलात तेव्हा हे का नाही पाहिलंत? त्यावर त्याच्याही फोनचा आवाज कापला गेला.

हाताने, तर कोणाच्या? मी जिन्याखालच्या कपाटाच्या मागे शिरलो. (कंबरेची खरी कहाणी इथली आहे, नमस्कारावर उगाच आळ घेतला.) विजेरी लावली आणि पाहतच राहिलो. वायरींची अशी देखणी जुडी मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. एकेक वायर एकीला लागून, कुठे पीळ नाही, कुठे ताण नाही, आणि बोटबोट अंतरावर मेणदोरा. प्रत्येक ठिकाणी तीच गाठ.

मामा, ती गाठ माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग सगळं आठवलं. जावईबापू नुकते लागले होते आणि लेकीचं बस्तान नीट बसलं का ते पाहायला तुम्ही आला होतात. घरात बसून कंटाळलात म्हणून छापखान्यात आलात, कपाटातला वायरींचा गुंता पाहून तुमचा जीव कासावीस झाला, आणि टेलिफोन खात्यातला मोठा माणूस म्हणून मालकांनी तुम्हाला स्टूल दिलं. सबंध दुपार तुम्ही बांधत होतात आणि बोलत होतात. जावईबापू दोरा धरून बाजूला उभे होते. बांधून झाल्यावर तुम्ही डब्याचं पान मागवून घेतलंत आणि म्हणालात, हे आपसात काय ठरवतायत, असल्या गोष्टी वडीलधाऱ्याने एकदा ठरवून द्यायच्या असतात. इतरांची असू देत, पण ही जावयाची वायर आहे, हिला रखडत ठेवायचं नाही. आणि सात नंबरला तुम्ही सगळ्यात उत्तम रीत आपल्या हाताने लावून दिलीत. मायेनेच दिलीत, त्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. दुसऱ्या टोकाला तेवढं सांगायचं राहिलं.

सात नंबर मी परत आपोआपवर टाकला. आकडे शून्य केले. नकाशांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठवलं. एक प्लेट वाया गेली नाही, आणि डब्याच्या पानावर शेवटी पाहिलं तेव्हा सातापुढेही इतरांसारखंच शून्य होतं. मालकांना मी सांगितलं की चूक रद्दीच्या नियमाची होती आणि तो लावणाऱ्याची, आणि लाल रेघेचं पान त्यांच्यासमोरच फाडलं. वायरीची रीत कोणी बदलली होती असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी जुनी गोष्ट आहे म्हणालो. मालकांना जुन्या गोष्टींत रस नसतो, हे एक बरं आहे. गोदाम टळलं. धाकटी त्या दिवशी पोटभर जेवली.

राहता राहिलं ते कात्रीचं. जावईबापूंना मी विचारलं, बाबा रे, तुम्ही त्या दिवशी आडवे का आलात, वायर बदलू दिली असती तर निदान संशय तरी फिटला असता. ते बराच वेळ बोलले नाहीत. मीही ठरवून थांबलो (मला थांबणं किती जड जातं ते तुम्हाला ठाऊक आहे, तुमचंच रक्त). मग म्हणाले, "मामंजी दर रविवारी विचारतात, माझी जुडी आहे ना जागेवर. मी आहे म्हणतो. तेवढंच एक आमचं बोलणं नीट होतं. ते कापायचं कसं?" वायरीची रीत त्या दिवसापासून बिघडली असावी, असा त्यांनाही संशय होता. मग मामांना सांगितलं का नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, "दोनदा सांगायला घेतलं होतं. ते बोलत होते."

तेव्हा अहवाल असा. जावयाचं नक्की कुठे चुकतं ते शोधायला तुम्ही सांगितलं होतंत. मी डब्याच्या बाजूने पाहिलं, प्लेट खोलीच्या बाजूने पाहिलं, कपाटाच्या मागून पाहिलं. सापडलं नाही. अजून कुठे पाहायचं असेल तर कळवावं. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
लांबण
(हे नाव तुम्हीच ठेवलंत, तेव्हा पत्राच्या लांबीबद्दल माफी मागत नाही.)

ता. क. फोनवर आवाज कापला जातो म्हणून पत्र लिहितो, असं वर लिहिलंय ते खरं नाही. फोन चांगला चालतो. पण फोनवर मला दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढे जाता आलं नसतं. पत्राच्या मध्ये बोलता येत नाही, आणि बोललात तरी ते मला इकडे ऐकू येत नाही.

आणखी ता. क. एक विनंती आहे, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हा सगळा कागद खर्च केला. या रविवारी फोन जावईबापूंनाच करा. जुडी जागेवर आहे का ते विचारा, आहे, एकही गाठ कापलेली नाही. ते 'आहे' म्हणतील. त्यानंतर तुम्ही काही बोलू नका. पाण्याची टाकी नको, गुडघा नको. नुसता कानोसा घ्या. पहिल्यांदा बराच वेळ काही येणार नाही. त्यांना जुन्या रीतीची सवय झाली आहे, शांतता खरी आहे याची ते आधी खात्री करतील. नळ बंद ठेवायचं धाकटीने कबूल केलंय.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात जावईबापू आणि धाकटी आली. टेबलावरचं पार्सल पाहून जावईबापूंनी दोऱ्याचं एक टोक आत ढकललं, दुसरं जरासं वळवलं, आणि गाठ सुटली. दोरा अख्खा. स्वेटर माझ्या डोक्यातून खाली उतरेना. त्यांना चपखल बसला, बाह्यांसकट. माप पाहून कोणासाठी विणलेला ते कळलं. माझ्या पत्त्यावर का पाठवलात, थेट त्यांना द्यायला संकोच का वाटला, तेही कळलं. आम्ही सगळ्यांनी तोंडात बोट घालून विचारलं की ही गाठ सोडायला कुठे शिकलात, तर म्हणाले, त्या दुपारी, दोरा धरून उभा होतो ना, दुसरं काय करणार. नेमकी कशी सोडली, ते मात्र मी विचारलं नाही. ते तुम्ही रविवारी विचारा, आणि ते सांगून संपेपर्यंत थांबा.